टोपलीची दोरी

३ फेब्रुवारी, सोमवार

पॉलिशवाली कंपनी दर वर्षी डायरी देते आणि मी ती दर वर्षी रद्दीत घालतो. यंदा लिहायला बसलोय, कारण सकाळपासून डोक्यात जो गोंधळ चाललाय तो कागदावर आला तर निदान समोर तरी दिसेल.

आमच्या इमारतीच्या मागे जे मैदान आहे, त्याच्या कुंपणावर नियोजन कार्यालयाने पाटी लावलीय. मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं मैदान मोठं करतायत, दुसऱ्यांदा वाटलं विकतायत. शेवटी कप्तानाने फोड करून सांगितलं की मैदान जाणार आणि तिथे पाच मजली इमारती येणार. कप्तान म्हणजे आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरचा. जन्मभर बस चालवली आणि बसला जहाज म्हणत राहिला, म्हणून कप्तान. निवृत्त झाला तरी हुकूम सोडायची सवय गेली नाही.

संध्याकाळी माझ्या दुकानात बैठक झाली. गल्लीत सगळ्यांना बसायला स्टुलं फक्त माझ्याकडे आहेत. बूट दुरुस्तीच्या दुकानात बैठक म्हटली की माझं लक्ष पायांकडेच जातं, त्याला इलाज नाही. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याची टाच कुठून झिजलीय ते मला आधी कळतं. कप्तानाचा उजवा तळ पुढून गेलाय, अजून ब्रेक दाबल्यासारखा चालतो. बैठकीत ठरलं की लढायचं. कशाशी लढायचं ते नीट ठरलं नाही, पण सगळे तावातावाने घरी गेले.

हिला सगळं सांगितलं. ही कांदा चिरत ऐकत होती. तिने दोनच प्रश्न विचारले. किती मजले, आणि लिफ्ट असेल का. मी म्हटलं, पाच मजल्यांना लिफ्ट असणारच, दिवसभर घरघर ऐकायची तयारी ठेव. मुद्दा चांगला आहे. लिफ्टच्या आवाजाची हरकत उद्या कप्तानाला सांगायला हवी. बाईमाणसाच्या डोक्यात बारीक गोष्टी लगेच येतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकान बंद ठेवून कप्तान आणि मी नियोजन कार्यालयात गेलो. नाकी नऊ आले. एका खिडकीवर सांगितलं, ही हरकत नाही, ही सूचना आहे, पलीकडे जा. पलीकडे सांगितलं, ही सूचना कशी, ही तर सरळ हरकत आहे. आम्ही आपले दोन खिडक्यांच्या मध्ये उभे. मग भिंतीवरच्या नकाशात आमची गल्ली शोधायला लागलो. मैदान गुलाबी रंगात आहे आणि गुलाबी म्हणजे राहण्याची जागा, एवढं समजलं. आमची इमारत मात्र सापडेना. कप्तान म्हणाला, यांनी आपल्याला वगळलंच. शेवटी शिपायाने सांगितलं की उत्तर दिशा वर असते आणि आम्ही आमची गल्ली उलट्या टोकाला शोधतोय.

नियोजनाच्या मॅडम भेटल्या. तरुण आहेत. सपाट काळे बूट, दोन्ही तळ सारखे झिजलेले, कडेला वाळलेली माती. म्हणजे खुर्चीवरचं माणूस नाही, हिंडणारं आहे. मला आवडल्या, पण कप्तानासमोर बोललो नाही. त्या म्हणाल्या, "मैदान आवडतं असं सगळेच सांगतात. वापरतं कोण ते सांगा." शिवाय असंही म्हणाल्या की तळमजल्यावरची काही घरं याच गल्लीतल्या साठीच्या पुढच्या माणसांना, आत्ता राहतं घर आहे त्याच्या बदल्यात द्यायचा विचार आहे.

बाहेर आल्यावर कप्तान म्हणाला, "हे आमिष आहे. म्हाताऱ्यांना फोडायचं आणि बाकीच्यांना गाडायचं." मलाही तसंच वाटलं. म्हणजे कप्तान बोलल्यावर वाटलं.

नकाशाची एक प्रत घरी आणली, नव्या इमारती आणि तळमजल्यावरची घरं त्यावर रेघांनी आखलेली. ही म्हणाली, मला द्या. तिने ती स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली. मी तिला तळमजल्याचं आमिष सांगून हसलो. ती हसली नाही, नुसती नकाशा बघत राहिली. तिचाही रक्तदाब वाढलेला दिसतोय या प्रकाराने.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. ती दूर असते, रविवारी बोलते. आधी आईशी, मग उरलंच काही तर माझ्याशी. आज मी तिला लढ्याची सगळी हकिगत सांगितली. तिने मध्येच विचारलं, "बाबा, आई खाली उतरते ना?" मी म्हटलं, अगं, मैदानाची खडान्‌खडा माहिती तुझ्या आईला आहे. लाल टोपीवाल्या बाई कुत्रं घेऊन किती वाजता येतात, कुठला नळ गळतो, गोलच्या खांबाजवळ गवत का उगवत नाही, सगळं तिला ठाऊक. मी सकाळी दुकानात जातो तो रात्री येतो. मला यातलं काहीच माहीत नसतं, जेवताना ही सांगते तेव्हा कळतं.

 लेक म्हणाली, आईला दे. ही फोन घेऊन बाल्कनीत गेली.

हिच्या गुडघ्यांचं दुखणं आहेच. मागे एकदा मला म्हणाली होती की तीन मजले जड जातात. मी म्हटलं, सगळ्यांनाच जातात, कप्तान तर पहिल्या मजल्यावर जाताना मध्ये थांबून गप्पा मारतो. मलम आणून दिलं होतं. त्यानंतर तक्रार नाही, तेव्हा गुण आला असणार. शिवाय हिने एक युक्ती केलीय. बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडते, कोपऱ्यावरची दुकानवाली त्यात दूध, पाव, बटाटे टाकते, ही वर ओढते. मला गंमत वाटते. लहानपणी हिला खेळायला मिळालं नाही, ते आता चाललंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पहिली सुनावणी झाली आणि मी बोललो. मी! कप्तानाने आयत्या वेळी मला पुढे ढकललं. त्याचं म्हणणं, मैदान कोण वापरतं हे सांगायला साधा माणूस हवा. समोर मॅडम, शेजारी आणखी दोन साहेब, मागे अख्खी गल्ली.  काय बोलायचं ठरवलं होतं ते साफ विसरलो आणि जे मनात आलं ते बोललो. म्हटलं, "माझी बायको रोज संध्याकाळी त्या मैदानात चालते. तिचे गुडघे दुखतात, तरी चालते. ते मैदान गेलं तर तिने जायचं कुठे?"

टाळ्या पडल्या. कप्तानाने पाठीवर थाप मारली. मॅडमनी लिहून घेतलं आणि विचारलं की बाई आल्यात का. मी म्हटलं, नाही, घरी आहे. मग त्या म्हणाल्या की जागेची पाहणी करायला आम्ही येऊच, तेव्हा भेटू.

घरी येताना जमिनीपासून वीतभर वर चालत होतो. हिला सगळं साभिनय सांगितलं. तिचा चमचा भांड्यात तसाच राहिला.

"असं सांगितलंत?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"अख्ख्या गल्लीसमोर."

ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत चारचौघांत तिच्याबद्दल मी कधी चांगलं बोललो नव्हतो, त्यामुळे भरून आलं असेल. मी तिला एकटं राहू दिलं. भाजी थोडी लागली, पण मी बोललो नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कप्तानाने नवीन टूम काढलीय. मॅडम पाहणीला येतील तेव्हा त्यांना इमारतीची उंची डोळ्यांनी दिसली पाहिजे. म्हणून मैदानाच्या मधोमध एक मोठा लाल फुगा बरोबर पाच मजल्यांच्या उंचीवर सोडायचा. फुगा जाहिरातवाल्याकडून मिळाला. दोरी कमी पडली. कप्तान म्हणाला, वहिनींची टोपलीची दोरी आहे ना, नेमकी तीन मजल्यांची, मापाची मापही होईल.

संध्याकाळी तो स्वतः दोरी मागायला वर आला. ही देईना. मला आश्चर्य वाटलं, कारण कप्तानाला तिने कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. "भाऊजी, दुसरी नाही का मिळणार?" असं दोनदा विचारलं. मीच म्हटलं, अगं, लढ्याचं काम आहे, चार दिवस टोपली नाही सोडली तर काय बिघडतंय. मग तिने गाठ सोडली. गाठ सोडायला तिला फार वेळ लागला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फुगा वर गेला. गल्लीभर पोरं ओरडत होती. पण वाऱ्याने घात केला. दोरी तिरकी झाली आणि पाचव्या मजल्यावर जायचा तो फुगा वाकून आमच्या बाल्कनीच्या समोर, तिसऱ्या मजल्यावर येऊन डोलायला लागला. कप्तान खालून ओरडत होता, वर हो, वर हो, जणू फुग्याला गियर आहे. यामुळे इमारत आहे त्याहून बुटकीच दिसणार, आणि तीही आमच्याच हाताने. मी कपाळाला हात लावला.

ही मात्र बाल्कनीत खुर्ची टाकून फुग्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "म्हणजे समोर बरोबर इथे कुणाची तरी खिडकी येईल."

मी म्हटलं, तेच तर, उजेड अडवतील.

"त्या बाईशी बोलता येईल," ती म्हणाली.

कुठल्या बाईशी? मला काही उमजलं नाही. टोमणा असावा. बायकांचे टोमणे मला दोन दिवसांनी कळतात.

रात्री जेवायला नुसता भात आणि कालची आमटी. पाव नाही, अंडी नाहीत, चहाला दूध नाही. मी जरा चिडलो. म्हटलं, टोपली नाही तर चार पावलं खाली जाऊन आणायचं ना, संध्याकाळी फिरायला जातेसच की. ती माझ्याकडे बघत राहिली. वाटलं आता काहीतरी बोलेल. पण म्हणाली, "उद्या येताना तुम्हीच घेऊन या." आणि भांडी घासायला लागली. माझं काय चुकलं कोण जाणे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काय लिहू आणि कसं लिहू.

मॅडम पाहणीला आल्या. मैदानात हिंडल्या, नळ बघितला, गोलचे खांब बघितले. फुगा वाऱ्याने झोपला होता. मॅडम म्हणाल्या की एवढीच उंची असती तर तुम्ही हरकत घेतलीच नसती.  मग मीच म्हटलं, आमच्या बाल्कनीतून बघा, वरून सगळं लक्षात येईल. मीच म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

हिने चांगले कपडे घातले होते, चहा केला होता. मॅडम, कप्तान आणि मी बाल्कनीत. मॅडमनी खाली बघितलं, मग हिच्याकडे वळून हसत म्हणाल्या, "काकू, तुमच्याबद्दल ऐकलंय. रोज मैदानात चालता ना तुम्ही?"

मी हिच्याकडे बघून मान हलवली. म्हणजे हो म्हण, अशी.

ही म्हणाली, "नाही. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात शेवटची उतरले. परत येताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसले ती उठताच येईना. तेव्हापासून इथूनच बघते."

 कप्तान चहात बघत होता. मॅडमनी मला काही विचारलं नाही, तेच वाईट. हिने कपाटाचं दार उघडून नकाशा दाखवला. त्यावर मैदानाच्या कोपऱ्यातल्या तळमजल्याच्या घरावर तेलकट बोटाचा डाग पडलाय, पुन्हा पुन्हा एकाच जागी बोट ठेवल्यासारखा. तिने विचारलं, "या घराला खिडकी कुठल्या बाजूला?"

मॅडमनी सांगितलं, मैदानाचा जो तुकडा उरेल त्या बाजूला.

ते गेल्यावर मी खूप बोललो. म्हटलं, सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस. मला का नाही सांगितलंस? रोज सांगायचीस, आज मैदानात हे झालं, ते झालं, मी काय समजायचं?

ती म्हणाली, "मी कधी म्हटलं की मी तिथे होते? आणि सांगून काय, तुम्ही जिने काढून टाकणार होतात?"

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रागात आहे. नेमका कुणावर ते ठरत नाहीये. गिऱ्हाइकाच्या डाव्या बुटाला उजव्याचा तळ लावला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कप्तान दुकानात आला. म्हणाला, झालं ते झालं, सोमवारी शेवटची सुनावणी आहे. तू उभा राहून सांग की वहिनी आजारी आहेत, त्यांचं बोलणं धरू नका. तू तोंड फिरवलंस तर मैदान गेलंच म्हणून समज. आपण दोघं त्या मैदानात लहानाचे मोठे झालो, तुझ्या लेकीला सायकल मी तिथे शिकवली, हे विसरू नकोस. मी विसरलेलो नाही. त्या मैदानाचं नाव काढलं तरी मला अजून गुडघे फोडून घेतल्याचा वास येतो, ओल्या मातीचा आणि टिंक्चरचा. ते जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मी म्हटलं, विचार करतो.

रात्री घरी आल्यावर दारामागच्या फळीवरून हिचे चालायचे बूट काढले. तपकिरी, नाडीचे. गेल्या पावसाळ्याआधी मीच त्यांना नवे तळ लावले होते. माझी एक खोड आहे. नवा तळ लावला की मध्यभागी आरीच्या टोकाने तीन बारीक ठिपके मारतो. माणूस चालतं असलं तर महिन्या-दोन महिन्यांत ठिपके जातात. गिऱ्हाईक परत आलं की मी आधी ठिपके बघतो आणि कोण घरी बसलंय ते सांगतो. लोकांना गंमत वाटते, मलाही वाटायची.

हिच्या तळांवर तिन्ही ठिपके जसेच्या तसे आहेत. आरीने उठलेली कातड्याची कडसुद्धा बसलेली नाही.

हे बूट माझ्या रोजच्या वाटेत होते. मी त्यांच्या शेजारी माझे बूट काढत होतो. गल्लीतल्या प्रत्येकाचा तळ मला पाठ आहे आणि हिचे उलटून बघायचं मला कधी सुचलं नाही. फार लाज वाटली. बूट परत ठेवले. ही स्वयंपाकघरातून बघत होती की नाही, माहीत नाही.

३ मार्च, सोमवार

सुनावणी झाली. सकाळपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. जाताना हिला विचारलं, काय बोलू? ती म्हणाली, "तुम्हाला मैदान हवंय, मला माहितीये. तुम्हाला वाटेल ते बोला." याने कुणाला मदत होते?

माझी पाळी आली. म्हटलं, "मागच्या वेळी मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. माझी बायको मैदानात चालत नाही. ती मैदान बघते. तीन मजले तिला उतरता येत नाहीत आणि हे मला माहीत नव्हतं. माझी हरकत मी मागे घेतो." मग एकदम आठवलं म्हणून विचारलं, "तळमजल्याच्या त्या घरांना पायऱ्या किती आहेत?"

मॅडम म्हणाल्या, "पायरी नाही. उतार आहे."

मागे कुणीतरी म्हणालं, विकला गेला.  कप्तान उठून बाहेर गेला आणि बसने एकटाच घरी आला. इतक्या वर्षांत आम्ही एका ठिकाणी जाऊन वेगळे परतलो नव्हतो. निकाल महिनाअखेरीला सांगणार आहेत.

हिला सांगितलं. ती हात पुसत पुसत थांबली. "पायरी नाही? एकसुद्धा?" तिने तीनदा विचारलं. तिचा चेहरा बघून मला वाटलं, चला, आयुष्यात एक काम धड केलं. आणि लगेच मैदान डोळ्यांपुढे आलं आणि ते आपणच घालवलं असं वाटलं. एकाच वेळी दोन्ही कसं वाटू शकतं ते मला समजत नाही.

७ मार्च, शुक्रवार

गिऱ्हाइकं कमी झालीत. कप्तान जिन्यात भेटला की भिंतीकडे बघतो. त्याने टोपलीची दोरी परत पाठवली, स्वतः आला नाही, दाराच्या कडीला अडकवून गेला. नीट गुंडाळून, मध्ये गाठ मारून, बसच्या टपावरच्या सामानाला बांधायचे तशी. हिने ती लगेच टोपलीला बांधली.

जेवताना म्हणाली, "बांधायला घेतलं की सगळं खणून टाकतील ना? मग त्याआधी एकदा जाऊन यावंसं वाटतं."

मी म्हटलं, कसं?

"ते तुम्ही बघा. जिने काढून टाकू नका फक्त."

९ मार्च, रविवार

आज गेलो.

एकट्याने जमण्यासारखं नव्हतं. मी कुणाला सांगावं या विचारात असताना हीच बाल्कनीतून वाकून ओरडली, "भाऊजी, जरा वर या." कप्तान आला. माझ्याकडे बघितलंही नाही. तिने सांगितल्यावर खाली जाऊन त्याच्याकडची हातांची लाकडी खुर्ची घेऊन आला. हिला खुर्चीत बसवलं, टोपलीच्या दोरीने कमरेला बांधलं, कप्तान पुढे आणि मी मागे. कप्तान तोंडाने गाडी चालवत होता. वळण आलं, सावकाश, मागचं चाक उचल. मागचं चाक म्हणजे मी. दुसऱ्या मजल्यावर ही म्हणाली, इथेच बसले होते. आम्ही थांबलो. ती पायरी मी रोज ओलांडतो. कप्तानाने घाम पुसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला, "तुझ्या बाजूने जरा वर धर, टाचवाल्या."

मैदानात खुर्चीतून उतरून ती आमचे हात धरून चालली. गोलच्या खांबापासून नळापर्यंत. मध्ये दोनदा थांबली. गळता नळ तिने स्वतः आवळला, तो आवळता येतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. लाल टोपीवाल्या बाई कुत्रं घेऊन आल्या, लांबूनच हात हलवत. म्हणाल्या, "तुम्ही त्या बाल्कनीतल्या! मी रोज वर बघते." दोघी बाकावर बसून अशा बोलायला लागल्या, जणू काल राहिलेलं पुढे चालू आहे. बोलता बोलता हिने बुटाच्या टोकाने माती उकरली. कप्तान आणि मी खुर्चीची दोन टोकं धरून उभे.

थोड्या वेळाने ही आमच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर ऊन होतं आणि ती इतकी खूश मी कधी बघितली ते मला आठवेना.

"किती छान आहे हो इथे," ती म्हणाली. "इथे कशाला बांधतात?"

 कप्तानाने माझ्याकडे बघितलं. मी कप्तानाकडे बघितलं. मी म्हटलं, "अगं, आणि तुझा तळमजला?"

"तो दुसरीकडे कुठेतरी बांधायला सांगा त्यांना. भाऊजी, तुमचा तो हरकतीचा कागद आहे ना अजून? मला सही करायचीय."

कप्तान खुर्चीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. मी हसावं की डोकं आपटावं ते मला ठरवता येईना. अख्ख्या गल्लीत ज्याच्यासाठी तोंड काळं करून घेतलं, ते तिला नको. आणि नको तरी कसं म्हणावं, बोटाचा डाग तर अजून नकाशावर आहेच. मी विचारलंही, नेमकं काय हवंय तुला? ती म्हणाली, "आत्ता तरी अजून एक फेरी."

आम्ही अजून एक फेरी मारली.

वर आणताना जास्त दम लागला. कप्तान म्हणतो, महिनाअखेर लांब आहे, अजून सह्या आणता येतील. माझी घ्यायची की नाही ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण मला माहीत नाही.

हिने बूट काढून दारात ठेवलेत. मी उलटून बघितले. तिन्ही ठिपक्यांत माती बसलीय. एरवी घरात आलेला बूट मी पुसल्याशिवाय राहत नाही. हे पुसले नाहीत. कप्तान उद्या सहाला खुर्ची घेऊन येणार आहे.